शब्बाथाचा वार आणि विसाव्याचा धर्म

मराठी भाषेने ‘सण’ आणि ‘वार’ हे दोन शब्द जोडून ‘सणवार’ असा एकच शब्द घडविला आहे. आपल्या घरांत वार म्हणजे केवळ दिवसाचे नाव नव्हे. त्याच्याशी उपवास, नेम, दर्शन आणि देवतेचे स्मरण निगडित असते. म्हणूनच एका शेजारधर्मात ‘वार कोणता पाळावा’ या एकाच प्रश्नावर जवळजवळ दोन हजार वर्षे चर्चा चालली आहे, हे सांगितल्यास या पानाच्या वाचकांस आश्चर्य वाटू नये. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या वेगवेगळ्या दिवशी पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या चर्चेतील तळमळ सहज समजेल.

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळावा काय? पाळावयाचा तर तो शनिवारी की रविवारी? बाहेरून पाहणाऱ्यास हा प्रश्न केव्हाच सुटला आहे असे वाटते. रविवारी चर्चची घंटा वाजते, कुटुंबे उपासनेस जातात, म्हणजे रविवार हाच त्यांचा पवित्र वार. परंतु त्यांच्याच धर्मग्रंथात ज्या दिवसाची आज्ञा आहे तो दिवस आठवड्याचा सातवा, म्हणजे शनिवार होय. मग आज्ञा एका वाराची आणि आचार दुसऱ्या वाराचा, हे कसे झाले? परधर्माच्या आचारावर निवाडा देण्याचा अधिकार आपणास नाही. मात्र त्या धर्माचे ग्रंथ आणि त्याचा इतिहास काय सांगतात, हे आदराने समजून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

एक आज्ञा, दोन कारणे

दिवसाचे मान सूर्यावरून, महिन्याचे चंद्रावरून आणि वर्षाचे ऋतुचक्रावरून ठरते. सात दिवसांच्या आठवड्याला मात्र आकाशात तसा थेट आधार नाही. यहुदी परंपरेत तो ईश्वराच्या आज्ञेने आला. ‘शब्बाथ’ या हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘थांबणे’, ‘विराम घेणे’ असा अर्थ आहे. मोशेच्या हाती देण्यात आलेल्या दहा आज्ञांपैकी ही एक. शुक्रवारच्या सूर्यास्तास शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागले म्हणजे संपतो.

बायबलमध्ये या दहा आज्ञा दोन ठिकाणी आल्या आहेत, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शब्बाथाचे कारण दोन्ही ठिकाणी निराळे दिले आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात कारण सृष्टीचे आहे : ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विराम घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा. ‘अनुवाद’ या ग्रंथात कारण दास्याचे आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि ईश्वराने तुम्हांस तेथून सोडविले, याची आठवण ठेवून हा दिवस पाळा. मिसरमध्ये त्यांच्याकडून विटा पाडून घेतल्या जात. पुढे भुसा देणे बंद झाले. विटांची संख्या मात्र तेवढीच मागितली गेली. ज्यांनी सुटी नसलेले जीवन भोगले, त्यांना ही आज्ञा मिळाली.

कारणे दोन असली तरी दोन्ही ठिकाणी एक यादी समान आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि गावात राहणारा परका, या सर्वांना त्या दिवशी विराम मिळाला पाहिजे. ‘अनुवाद’ ग्रंथ तर धन्याला जसा विसावा तसाच दासदासींनाही मिळावा, हा हेतू स्पष्ट शब्दांत सांगतो. प्राचीन जगात धनी विश्रांती घेत असे यात नवल नाही. धन्याची विश्रांती आणि दासाची विश्रांती एकाच पंक्तीला बसविणे, हे नवल होते.

पुढे या व्रताभोवती आचाराची मोठी चौकट उभी राहिली. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथात शब्बाथास वर्ज्य अशा ३९ प्रकारच्या कामांची गणना आहे. नांगरणे, पेरणे, दळणे, शिवणे, लिहिणे, अग्नी पेटविणे ही त्यांतलीच. परंतु प्राणसंकट असेल तेथे हे निर्बंध बाजूस ठेवावेत, हाही यहुदी धर्मशास्त्राचा निर्णय आहे. त्या निर्णयामागे रक्ताचा इतिहास आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अंतियोख राजाच्या छळाला भिऊन काही यहुदी कुटुंबे रानातील गुहांत लपली. सैन्याने मुद्दाम शब्बाथाच्या दिवशी हल्ला केला. त्या लोकांनी शत्रूवर एक दगडही फेकला नाही, गुहेचे तोंडही बंद केले नाही. सुमारे एक हजार स्त्रीपुरुष व मुले तेथे मारली गेली. त्यानंतर मत्तथ्य या वृद्ध नेत्याने व त्याच्या सोबत्यांनी ठरविले की, शब्बाथास चढाई झाली तर प्रतिकार करावयाचा. व्रत माणसांना जगविण्यासाठी आहे, हे भान तेथे मोठी किंमत मोजून आले.

या शब्बाथाचा एक धागा आपल्या कोकणाशी जुळलेला आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. त्यांतील अनेक कुटुंबे तेल गाळण्याचा व्यवसाय करीत. शतकानुशतके मूळ भूमीपासून दूर राहूनही शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही मोकळा. आज्ञेतील गुराढोरांचा उल्लेख कोकणातल्या खेड्यात असा अक्षरशः पाळला जात होता.

येशूंचे उत्तर, पौलांचा उपदेश

येशू ख्रिस्त स्वतः यहुदी होते आणि शब्बाथास सभास्थानात जाण्याची त्यांची रीत होती, असे शुभवर्तमानात नमूद आहे. त्यांचा वाद झाला तो शब्बाथ पाळण्याच्या पद्धतीवरून. भुकेल्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडली; येशूंनी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला; अठरा वर्षे कमरेतून वाकलेली एक स्त्री सरळ उभी केली. हे सारे शब्बाथाच्या दिवशी घडले आणि आक्षेप आले. त्या स्त्रीच्या प्रसंगी येशूंनी विचारले ते साधारण असे : तुम्ही आपला बैल किंवा गाढव या दिवशीही दावे सोडून पाण्यावर नेताच ना? मग इतकी वर्षे जखडलेल्या या लेकीचे बंधन आज का सुटू नये? हा वार माणसाच्या हितासाठी दिलेला आहे, वाराच्या सेवेसाठी माणूस घडविलेला नाही, असा त्यांच्या उपदेशाचा इत्यर्थ सांगता येतो. त्यांनी शब्बाथ मोडीत काढला असे म्हणणे कठीण आहे. त्यांनी त्याचा हेतू पुढे आणला, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

येशूंच्या नंतर यहुदी नसलेले लोक या पंथात येऊ लागले आणि प्रश्न उभा राहिला : या नव्या लोकांनी मोशेचे सगळे नियमशास्त्र पाळावे काय? सन ५० च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषितांची सभा भरली. तिने नव्या अनुयायांवर मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार वर्ज्य करणे एवढेच बंधन घातले. त्या यादीत शब्बाथ नाही. संत पौलांनी कलस्सैच्या मंडळीला लिहिले की, खाणेपिणे, सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुम्हांस दोषी ठरवू नये. या गोष्टी येणाऱ्या सत्याची छाया होत. रोमच्या मंडळीला त्यांनी सांगितले की, कोणी एक दिवस श्रेष्ठ मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. पुढील बहुतेक सर्व वादांत या दोन पत्रांचा आधार घेतला गेला आहे.

शनिवारचा रविवार कसा झाला?

येशूंचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, ही ख्रिस्ती श्रद्धा. त्यामुळे तो दिवस ‘प्रभूचा दिवस’ म्हणून एकत्र येण्याचा ठरला. सन १५५ च्या सुमारास जस्टिन या धर्मवेत्त्याने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे : ग्रंथवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि अनाथ, विधवा, रुग्ण व बंदिवान यांच्यासाठी जमविलेले दान. त्या काळी रविवार हा उपासनेचा दिवस होता, सुटीचा नव्हता. रोमन साम्राज्यात त्या दिवशी कामे नेहमीसारखी चालत.

सुटी आली ती राजाज्ञेने. सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन याने न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांनी सूर्याच्या वंदनीय दिवशी काम थांबवावे असा आदेश काढला. पेरणीचा हंगाम हातचा जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना मात्र त्यातून मोकळे ठेवले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरमधील लाओदिकीया येथील धर्मसभेने शनिवारी काम बंद ठेवण्यास ख्रिस्ती लोकांना मनाई केली आणि रविवारी शक्य तर विश्रांती घ्यावी असे ठरविले. मनाई करावी लागली, यावरूनच दिसते की, चौथ्या शतकातही अनेक ख्रिस्ती घरांत शनिवार पाळला जात होता.

शब्दांत हा इतिहास आजही शिल्लक आहे. पोर्तुगीज भाषेत शनिवारला ‘साबादु’ म्हणजे शब्बाथ आणि रविवारला ‘दोमिंगु’ म्हणजे प्रभूचा दिवस म्हणतात. गोव्यातील कोंकणी बोलणारा ख्रिस्ती मात्र चर्चला जातो तो ‘आयतारा’ला, म्हणजे आपल्या आदित्यवारी!

सर्वत्र शनिवार मागे पडला असेही नाही. इथिओपियात चौदाव्या शतकात एवोस्तातेवोस नावाच्या संन्यस्त पुरुषाने शनिवार व रविवार दोन्ही पाळावेत असा आग्रह धरला. त्यापायी त्याला देश सोडावा लागला आणि तो आर्मेनियात वारला. त्याच्या शिष्यांचा छळ झाला, तरी त्यांनी नेम सोडला नाही. अखेर १४५० मध्ये सम्राट झरा याकोब याने धर्मसभा बोलावून दोन्ही दिवसांस मान्यता दिली, आणि त्या देशाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत दोन्ही वारांचा मान आजही आहे.

तीन पक्ष

मीमांसेच्या पद्धतीने पाहिल्यास या वादात तीन पक्ष दिसतात.

पहिला पक्ष म्हणतो : आज्ञा सातव्या दिवसाची आहे आणि ती बदलल्याचे ग्रंथात कोठेही लिहिलेले नाही. शब्बाथ सृष्टीच्या आरंभापासून आहे, म्हणून तो केवळ यहुद्यांचा नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सेव्हंथ डे बाप्टिस्ट मंडळ्यांनी हा पक्ष घेतला. १८६३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात संघटित झालेल्या सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाने तो जगभर नेला. आज त्या पंथाचे दोन कोटींहून अधिक अनुयायी आहेत आणि पुण्यात त्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे.

दुसरा पक्ष म्हणतो : सातांतून एक दिवस ईश्वराला द्यावा ही आज्ञा कायमची, मात्र पुनरुत्थानानंतर तो दिवस रविवार झाला. इंग्लंड-स्कॉटलंडमधील प्युरिटन मंडळींचा हा पक्ष १६४६ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रिकेत मांडलेला आहे. त्यांच्या दृष्टीने रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ, म्हणून त्या दिवशी खेळ आणि करमणूकही वर्ज्य.

तिसरा पक्ष म्हणतो : विशिष्ट वाराचे बंधन यहुद्यांपुरते होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी भेद केला की, ईश्वरासाठी वेळ राखणे हा आज्ञेतील नैतिक व नित्य भाग, आणि अमुकच वार हा विधीचा भाग. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत असा आशय मांडला की, आठवडाभर राबणाऱ्या गडीमाणसांना व मोलकरणींना विसावा मिळावा आणि सर्वांस मिळून ईश्वराचे वचन ऐकता यावे, यासाठी एक दिवस हवा. रोमन कॅथलिक चर्च रविवारच्या उपासनेस बंधनकारक मानते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये रविवारच्या महत्त्वावर एक स्वतंत्र पत्रच प्रसृत केले.

कोणता पक्ष खरा? ग्रंथाच्या अक्षराकडे पाहिल्यास शनिवारवाद्यांची बाजू दुबळी नाही. पौलांच्या पत्रांकडे पाहिल्यास वारावरून कोणास दोष देण्याचा मार्ग बंद होतो. आणि वार नेमका धरू म्हटले तरी अडचणी येतात. पॅसिफिक महासागरातील सामोआ या बेटराष्ट्राने २०११ साली आपली दिनरेषा बदलली आणि ३० डिसेंबरचा शुक्रवार पंचांगातून सरळ वगळला. गुरुवारनंतर एकदम शनिवार उजाडला! तेथील अ‍ॅडव्हेंटिस्टांपुढे पेच पडला : सहा दिवस मोजून येणारा सातवा दिवस आता सरकारी दिनदर्शिकेत ‘रविवार’ झाला होता. तेथील त्यांच्या पंथाने जुनी गणना धरून त्या रविवारी उपासना करण्याचे ठरविले. काहींनी मात्र ‘शनिवार’ हे नाव सोडले नाही. एकाच श्रद्धेची, एकाच गावची माणसे दोन दिवशी शब्बाथ पाळू लागली.

विसावा कोणाला?

या सर्व चर्चेत आज्ञेतील ती समान यादी, म्हणजे दास, दासी, गुरे आणि परका, पुष्कळदा मागे राहते. वारावरून वाद घालणे सोपे; त्या यादीतील माणसाला विसावा देणे कठीण.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात एका कापडगिरणीत अ‍ॅडेल शर्बर्ट नावाची कामगार स्त्री होती. १९५७ मध्ये ती अ‍ॅडव्हेंटिस्ट झाली. १९५९ मध्ये गिरणीने शनिवारचे कामही सक्तीचे केले. तिने नकार दिला, नोकरी गेली, दुसऱ्या गिरण्यांतही शनिवार सोडून काम मिळेना आणि राज्याने बेकारभत्ताही नाकारला. त्याच राज्याच्या कायद्यात रविवार पाळणाऱ्या कामगाराच्या विवेकाला मात्र संरक्षण होते. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. ख्रिस्ती बहुसंख्येच्या देशात एका ख्रिस्ती स्त्रीला बायबलमधला वार पाळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता मुंबईच्या गिरण्या आठवून पाहा. एकोणिसाव्या शतकात तेथील कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कचेऱ्यांना रविवार होताच. तो यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी लढा द्यावा लागला. जेजुरीच्या खंडोबाचा वार म्हणून रविवार आपल्या कष्टकऱ्यांना परका नव्हता. ज्यांनी मोशेचे नाव ऐकले नव्हते त्यांच्या घरीही, त्या आज्ञेतील दासाचा विसावा असा वळसा घेऊन आला.

आज प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. अमेरिकेच्या टपालखात्याने ऑनलाइन विक्रीची पार्सले रविवारीही पोहोचविण्यास सुरुवात केल्यावर जेराल्ड ग्रॉफ या ख्रिस्ती टपालवाहकाने रविवारी कामास नकार दिला. २०१९ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अशा कामगारांची बाजू पूर्वीपेक्षा बळकट केली. पण तो येत नसे तेव्हा ती पार्सले त्याच्या सहकाऱ्यांना वाटावी लागत, हेही त्या खटल्यात पुढे आले. एकाचा शब्बाथ दुसऱ्याच्या खांद्यावर पडला, तर आज्ञा पुरी झाली काय? आणि रविवारी उपासनेहून परतून जो भाविक घरबसल्या पार्सल मागवतो, त्याने कोणाचा विसावा घेतला?

या प्रश्नाचे उत्तर एका धावपटूच्या आयुष्यात सापडते. स्कॉटलंडचा एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीचा मोठा दावेदार होता. प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून त्याने त्या शर्यतीत भाग घेतला नाही. पुढे चारशे मीटरमध्ये त्याने ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ही कथा जगास ठाऊक आहे. त्यानंतरची कमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात चीनमधील वेइश्येनच्या जपानी बंदिछावणीत तो धर्मसेवक म्हणून अडकला होता. छावणीतील मुले रविवारी हॉकी खेळताना भांडू लागली. ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तो त्या मुलांसाठी रविवारी मैदानावर पंच म्हणून उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटकेच्या काही महिने आधी, त्या छावणीतच त्याचे निधन झाले.

पॅरिसमध्ये त्याने नेम पाळला आणि छावणीत मोडला, असे म्हणता येणार नाही. पॅरिसमध्ये सोडावयाचे होते ते त्याचे स्वतःचे यश. छावणीत सोडले असते तर हानी झाली असती ती मुलांची. स्वतःच्या लाभाविषयी कठोर आणि दुसऱ्याच्या गरजेविषयी मृदू, असा हा आचार होता. कणसे मोडणाऱ्या भुकेल्या शिष्यांची बाजू घेणाऱ्या गुरूला तो मान्य झाला असता, असे वाटते.

तेव्हा ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळावा काय? वार त्याने आपल्या ग्रंथाला आणि अंतःकरणाला स्मरून ठरवावा. त्यांच्याच प्रेषिताने ती मोकळीक दिली आहे. शनिवार पाळणाऱ्याने रविवारवाल्यास आणि रविवार पाळणाऱ्याने शनिवारवाल्यास हीन लेखू नये. परंतु आज्ञेचा गाभा कोणत्याही वारावर अवलंबून नाही आणि त्यातून कोणाची सुटकाही नाही. आपण थांबावे, ईश्वराचे स्मरण करावे आणि आपल्यासाठी राबणाऱ्यालाही थांबू द्यावे. धन्याचा शब्बाथ खरा की खोटा, हे त्याच्या दारातल्या गड्याला विचारावे. शनिवारी मोकळ्या सोडलेल्या घाण्याच्या बैलाला ते बोलता आले असते, तर त्यानेही सांगितले असते.